कार्तिकात कंबोडिया

कंबोडियाला कधी जावं, असं कुणी विचारलं की मी कार्तिकात जा असं सांगते. विमानाचं तिकीट, हॉटेल, रिक्षाचे दर या सगळ्याची चौकशी नंतर करता येते, आधी तिथल्या पाण्याचं वेळापत्रक समजून घ्यावं. या देशातली शेती, मासेमारी, सण, रस्ते, हजार वर्षांपूर्वीची देवळं आणि आजचं जेवणाचं ताट हे सगळं त्या पाण्यावर बेतलेलं आहे. मराठी घरांच्या दृष्टीने सोय अशी, की दिवाळीची सुट्टी आणि कंबोडियाचा सर्वांत देखणा काळ जवळजवळ एकत्र येतात.

देशाच्या मध्यभागी तोनले साप नावाचं सरोवर आहे. त्याच नावाची नदी त्यातून निघते आणि राजधानी नॉम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. उन्हाळ्यात सरोवर आकसून सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरवर येतं, आणि बऱ्याच ठिकाणी जेमतेम मीटरभर खोल उरतं. जूनच्या सुमारास मेकाँग फुगते, आणि तिचा लोंढा तोनले साप नदीत उलटा शिरतो. नदी मागे वाहू लागते आणि सरोवर भरत जातं. पावसाळा संपता संपता त्याचा पसारा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या घरात जातो. काठची जंगलं पाण्यात उभी राहतात आणि मासे त्या झाडांमध्ये वाढतात. मग मेकाँग ओसरते, नदी पुन्हा दिशा बदलते आणि साठलेलं पाणी गाळासकट खाली सोडते. हा बदल देशभर साजरा होतो तो ‘बोन ओम तूक’ या जलोत्सवात, आणि त्याचा दिवस बहुतेक वर्षी आपल्या कार्तिकी पौर्णिमेलाच येतो.

आता महिन्यांचा हिशेब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात सुखाची असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. मार्च ते मे ऊन असह्य होतं. एप्रिलमध्ये पारा चाळीशीला टेकतो आणि दगडी देवळांच्या पायऱ्या दुपारी चटके देतात. त्याच महिन्याच्या मध्यावर, साधारण १३ ते १६ तारखांच्या दरम्यान, ख्मेर नववर्ष येतं. शहरं रिकामी होतात, दुकानं बंद असतात आणि बसची तिकिटं मिळत नाहीत. जून ते ऑक्टोबर पावसाळा असला तरी आपल्या कोकणासारखी दिवसच्या दिवस झड लागतेच असं नाही. सर बहुधा दुपारनंतर येते, सकाळ मोकळी मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस सर्वांत जास्त, आणि त्याच सुमारास ‘प्चुम बेन’ येतो. भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात, म्हणजे आपल्या पितृपक्षातच, तिथली कुटुंबं पहाटे विहारात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात. शेवटचे तीन दिवस सार्वजनिक सुट्टी असते आणि माणसं गावी परततात. त्या दिवसांत प्रवास आखला तर बस आणि मुक्काम दोन्हींची सोय आधीच करून ठेवावी.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. शुल्क ३० डॉलर आणि मुदत ३० दिवस. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण त्याच्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. विमानाने येणाऱ्या प्रत्येकाला उतरण्याआधीच्या सात दिवसांत ‘ई-अरायव्हल’ हा अर्ज भरावा लागतो. तो फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हो ची मिन्ह सिटीमार्गे जाता येतं. घड्याळ दीड तास पुढे करायचं.

विमानतळांबाबत जुनी पुस्तकं आता उपयोगाची नाहीत. अंगकोरच्या देवळांजवळच्या सिएम रीप शहराचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाला. तो शहरापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी हा वेळ हिशेबात धरावा. नॉम पेन्हचा नवा ‘तेचो’ विमानतळही सप्टेंबर २०२५पासून शहराबाहेर, दक्षिणेला गेला आहे. थायलंडमधून रस्त्याने कंबोडियात उतरण्याचा बेत पूर्वी सर्रास आखला जाई. जून २०२५पासून मात्र दोन्ही देशांतल्या तणावामुळे जमिनीवरची सीमा बंद झाली आणि जुलैत तिथे लढाईही झाली. त्यामुळे विमानानेच जावं, सीमेलगतच्या देवळांचा बेत करण्याआधी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचाव्यात. आणखी एक गोष्ट, विशेषतः तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी. ‘कंबोडियात डेटा एंट्रीची नोकरी, पर्यटक व्हिसावर या’ अशा जाहिरातींना फसून गेलेल्या अनेक भारतीयांना तिथे डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. भारत सरकारने याबद्दल वारंवार सावध केलं आहे. पर्यटक व्हिसावर फक्त पर्यटनच करावं.

पैशांचे व्यवहार अमेरिकन डॉलर आणि रिएल अशा दोन चलनांत चालतात. एका डॉलरला चार हजारांच्या आसपास रिएल. मोठी रक्कम डॉलरमध्ये द्यायची, आणि डॉलरची नाणी चालत नसल्याने सुटे रिएलमध्ये परत येतात. इथे नोटांचा दर्जा फार बारकाईने पाहतात. किंचित फाटलेली, शाई लागलेली किंवा कोपरा झिजलेली डॉलरची नोट दुकानदार हात न लावता परत करतो. मुंबई-पुण्यातून डॉलर घेताना प्रत्येक नोट उजेडात धरून बघावी, आणि १, ५, १० डॉलरच्या नोटा भरपूर मागून घ्याव्यात. रिक्षा, शहाळं, उसाचा रस यांना शंभराची नोट उपयोगी पडत नाही.

बहुतेक सहली थेट सिएम रीपला उतरतात, अंगकोर वाट बघतात आणि परततात. मी आग्रहाने सांगेन, की आधी नॉम पेन्हला जा. जलोत्सवाच्या तीन दिवसांत तिथल्या सिसोवात घाटावर सारा देश लोटतो. गावोगावच्या विहारांतून आलेल्या लांब, निमुळत्या होड्या शर्यतीला उतरतात. त्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात, आणि एकेका होडीत साठ-सत्तर वल्हेकरी एका तालात झुकतात. रात्री रोषणाई केलेले तराफे नदीतून फिरतात. २०१०च्या उत्सवात एका पुलावर चेंगराचेंगरी होऊन साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली. तेव्हा पूल आणि अरुंद वाटा टाळून घाटाच्या मोकळ्या भागातच थांबावं, मुलांच्या खिशात हॉटेलचं कार्ड ठेवावं. मोबाइल रस्त्याच्या कडेला हातात धरून उभं राहू नये, दुचाकीवरून तो हिसकावला जाण्याचे प्रकार या शहरात होतात.

त्याच शहरात तुओल स्लेंग आहे. मुळात ही एक शाळा. १९७५ ते १९७९ दरम्यान, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत, तिचा तुरुंग आणि छळछावणी झाली. त्या चार वर्षांत देशातली सतरा ते वीस लाख माणसं भूक, सक्तमजुरी आणि हत्याकांडात गेल्याचं मानलं जातं. वर्गखोल्यांच्या भिंतींवर कैद्यांची छायाचित्रं ओळीने लावली आहेत, त्यांत शाळकरी मुलंही आहेत. शहराबाहेर सुमारे पंधरा किलोमीटरवर चोउंग एक हे सामूहिक दफनस्थळ आहे. ही स्थळं २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. दोन्हीकडे ध्वनिफितीची सोय आहे, ती जरूर घ्यावी, कारण तिथे वाचण्यापेक्षा ऐकत चालणं बरं वाटतं. मोठ्याने बोलू नये, स्वतःचे फोटो काढू नयेत, लहान मुलांना नेऊ नये. एवढा दिवस जड जातो, पण तो वगळला तर रिक्षावाल्या काकांच्या, हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या मावशींच्या वयाच्या माणसांनी काय सोसलं हे कळत नाही.

नॉम पेन्हहून सिएम रीप सव्वातीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. चांगल्या बसने किंवा मिनी व्हॅनने सहा तास लागतात. शहरांतल्या शहरांत फिरायला ग्रॅब आणि पासअ‍ॅप ही अ‍ॅप चालतात. भाडं आधी दिसतं आणि घासाघीस करावी लागत नाही. समोर येणारं वाहन बहुधा आपल्या ओळखीची बजाजची रिक्षा असतं. देवळांसाठी मात्र दुचाकीला जोडलेली चार जणांची मोकळी गाडी, ज्याला तिथे रेमोर्क म्हणतात, ती दिवसभरासाठी ठरवावी. वारा लागतो आणि चालक प्रत्येक देवळाबाहेर थंड पाणी घेऊन थांबतो.

अंगकोरचा पास अधिकृत तिकीट केंद्रावर किंवा ऑनलाइन मिळतो. त्यावर तुमचा फोटो असतो आणि प्रत्येक देवळाच्या तोंडाशी तो तपासतात. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, सात दिवसांचे ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत सवडीने वापरता येतो, सलग दिवसांची सक्ती नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा. प्रत्येक पासामागे दोन डॉलर कांथा बोफा बालरुग्णालयांना जातात, जिथे मुलांवर मोफत उपचार होतात. मी तीन दिवसांच्या पासाचाच सल्ला देते. एका दिवसात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम उरकणारी माणसं संध्याकाळी थकव्याने काहीच आठवू शकत नाहीत. चारशे चौरस किलोमीटरचा हा परिसर आहे, एका फेरीत तो आवाक्यात येत नाही.

दिवस असा आखावा. पहाटे पाचला अंगकोर वाट उघडतं. दुसरा सूर्यवर्मा या राजाने बाराव्या शतकात हे देऊळ विष्णूसाठी बांधलं, आणि त्याचं तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य देवळामागून उगवतो आणि सगळी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी जमते. सूर्य वर आला की बहुतेक जण न्याहारीला निघून जातात. तेव्हाच आत शिरावं आणि पूर्वेकडच्या ओवरीत जावं, तिथे सकाळचं ऊन तिरपं येतं.

त्या ओवरीच्या दक्षिण भागात ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलेलं आहे. लहानपणापासून ऐकलेली कथा एवढ्या सलग आणि एवढ्या जवळून मी कुठेच पाहिली नव्हती. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये वासुकीचं लांबच लांब अंग. प्रत्येकाच्या मांडीचे स्नायू ताणलेले, पावलं जमिनीत रोवलेली. मधोमध चतुर्भुज विष्णू उभा, खाली कूर्म, वर हवेत अप्सरांची रांग. पण खरी नजर न्यावी ती खालच्या पट्टीवर. तिथे समुद्रातले मासे, मगरी आणि जलचर गर्दीने कोरले आहेत. कडेला ते शांत पोहताहेत, आणि जसजसं मध्याकडे जावं तसतसे घुसळणीच्या वेगाने ते तुटत गेलेले दिसतात. अगदी रवीजवळ माशांचे दोन-दोन तुकडे झालेले आहेत. पाण्याचा वेग दगडात दाखवायचा तर मासा कापून दाखवायचा, हे ज्या शिल्पकाराला सुचलं त्याने तोनले सापचं पाणी उलटताना नक्कीच पाहिलं असणार, असं मला तिथे उभं असताना वाटलं. या कोरीवकामाला हात लावू नये. शेकडो वर्षांत स्पर्शाने काही भाग गुळगुळीत, काळे झालेले स्पष्ट दिसतात.

देवळाभोवतीचा खंदक १९० मीटर रुंद आहे. तो केवळ शोभेसाठी किंवा संरक्षणासाठी नाही. खालची जमीन वाळूची, आणि खंदकातल्या पाण्यामुळे भूजलाची पातळी टिकून राहते, पाया खचत नाही. पश्चिमेला आठ किलोमीटर लांबीचा बाराय, म्हणजे माणसांनी बांधलेला तलाव, आजही पाणी धरतो. चौदाव्या-पंधराव्या शतकात आधी दीर्घ अवर्षणं आणि मग मोठे पूर आले, कालव्यांचं जाळं मोडलं आणि अंगकोर या तेव्हाच्या राजधानीला उतरती कळा लागण्यात त्याचा मोठा वाटा होता, असं संशोधक सांगतात. सिएम रीपची हॉटेलं वाढली तसा भूजलाचा उपसाही वाढला. म्हणून हॉटेलात रोज चादरी-टॉवेल बदलून मागू नयेत, टबभर पाणी सोडू नये. देवळांचा पाया आणि आपला नळ एकाच साठ्यावर उभे आहेत.

अकरा ते तीन या वेळात देवळात राहू नये. मुक्कामी परतून जेवावं, पडावं, आणि उतरत्या उन्हात पुन्हा निघावं. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे प्रत्येकाने घालावेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर बिनबाह्यांच्या कपड्यांत सोडत नाहीत, आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो टप्पा बंद असतो. पायऱ्या उभ्या आणि अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी तो हट्ट सोडावा. खालच्या ओवऱ्यांतच दिवस पुरणार नाही एवढं पाहण्यासारखं आहे. ता प्रोममध्ये झाडांची मुळं भिंतींना कवटाळून बसली आहेत. तिथल्या जतनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा मोठा हात आहे, आणि १९८६ ते १९९३ या अवघड काळात अंगकोर वाटवरही आपल्याच तज्ज्ञांनी काम केलं होतं.

शाकाहारी माणसाने कंबोडियात उपाशी राहायचं कारण नाही, पण नीट सांगावं लागतं. माशाचं पाणी आणि ‘प्राहोक’ नावाचं आंबवलेल्या माशांचं वाटण बहुतेक भाज्यांत पडतं, ताटात मासा दिसला नाही तरी. हॉटेलातल्या मुलीकडून ख्मेर लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी: मासा, माशाचं पाणी, प्राहोक, ऑइस्टर सॉस, कोंबडीचा रस्सा, अंडं, काहीही नको. ही चिठ्ठी दाखवली की स्वयंपाकघरातून हसून मान हलते आणि लसणावर परतलेली नाळीची भाजी, टोफू, मशरूम, वाफाळता भात समोर येतो. मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात वाफवलेलं ‘आमोक’ खावं. पाणी बाटलीतलं किंवा गाळलेलंच प्यावं. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यात तयार होतो, फोडलेल्या लादीचा बर्फ मात्र टाळावा.

बांतेय स्रेईला जाताना वाटेत प्रेआ दाक हे गाव लागतं. तिथे थांबावं. रस्त्याकडेला मातीच्या चुलींवर रुंद कढया, त्यात ताडाचा रस आटत असतो. ताडाच्या फुलोऱ्याला बांबूची नळी बांधून रस काढतात आणि उतरवल्यावर लगेच चुलीवर चढवतात, नाहीतर तो आंबतो. एका मावशींनी कढई उतरवून लाकडी दांड्याने ते जाड मिश्रण घोटायला घेतलं. रंग मधासारख्या तपकिरीवरून फिका होत गेला, हात जड होत गेला, आणि मग त्यांनी ताडपत्राच्या छोट्या कड्यांमध्ये ते ओतलं. थोड्याच वेळात वड्या सुटल्या. कढईच्या कडेचं खरवडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, त्याला धुराची आणि जळक्या साखरेची चव होती. हा ताडगूळ पानांच्याच नळकांड्यात बांधून मिळतो, प्रवासात टिकतो, आणि पैसे थेट त्या घरात जातात. बांतेय स्रेई हे इसवी सन ९६७चं शिवाचं देऊळ लहानसं, गुलाबी दगडाचं. कैलास हलवणारा रावण तिथे आहे, वेरूळ पाहिलेल्यांनी तो शांतपणे न्याहाळावा.

सरोवराकाठची गावं पाहायची तर कांपोंग फ्लुकला जावं. उंच खांबांवरची घरं कार्तिकात पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. एप्रिलमध्ये त्याच घरांखालून चालत जाता येतं. खांबांवर पाण्याच्या जुन्या रेषा दिसतात. गावातल्या बायका छोट्या होड्या वल्हवत पाण्यात बुडलेल्या जंगलातून फिरवून आणतात. ही फेरी त्यांच्याकडूनच घ्यावी. मुलांना पैसे किंवा खाऊ देऊ नये, त्यांच्याकडून वस्तू विकत घेऊ नयेत, कारण मिळकत होत राहिली की शाळा सुटते. अनाथाश्रमांच्या ‘भेटी’ही टाळाव्यात.

तब्येतीबाबत दोनच गोष्टी काटेकोर पाळाव्यात. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून सकाळपासूनच मलम लावावं. आणि वैद्यकीय विमा असा घ्यावा, की गरज पडली तर बँकॉकला हलवण्याचा खर्चही त्यात असेल. आडवाटेच्या भागात, विशेषतः वायव्येकडे, युद्धकाळात पेरलेले भूसुरुंग अजून सापडतात. लाल पाटीवरचं कवटीचं चिन्ह दिसलं की पुढे पाऊल टाकू नये, मळलेली वाट सोडू नये. मुख्य देवळांचा परिसर साफ केलेला आहे, तिथे भीती नाही.

भेटल्यावर हात जोडून नमस्कार करावा, तो तिथलाच रिवाज आहे आणि आपल्याला शिकावा लागत नाही. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करू नये, कुणाच्याही डोक्याला हात लावू नये. आणि निदान एका दिवसासाठी स्थानिक परवानाधारक वाटाड्या घ्यावा. ख्मेर रूजच्या काळात शिकलेली माणसं वेचून मारली गेली. त्यानंतर ज्यांनी आपल्या देवळांचा इतिहास नव्याने शिकून घेतला, त्यांच्या तोंडून तो ऐकणं आणि त्यांच्या श्रमाचे पूर्ण पैसे देणं हे मला पाहुण्याचं पहिलं कर्तव्य वाटतं. एखादी रात्र कमी तारांकित हॉटेलात काढावी लागली तरी चालेल, पण आठवडा पुरता द्यावा: आधी नॉम पेन्ह, मग सरोवर, मग देवळं. या क्रमाने गेलं की अंगकोर हे जंगलात सापडलेलं अवशेषांचं गाव राहत नाही. त्याच पाण्यावर आजही जगणाऱ्या माणसांच्या पूर्वजांचं ते शहर आहे, हे कुणी न सांगता कळतं.